'स्टँड बाय मी' चाळिशीत का रडवतो?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही त्रेचाळीस वर्षांचे. कॉलेजात असताना होस्टेलच्या टीव्हीवर 'स्टँड बाय मी' पाहिलात, आवडला आणि विसरूनही गेलात. परवा तेरा वर्षांच्या मुलाबरोबर तो पुन्हा लावला, तर शेवटच्या पाच मिनिटांत तुम्हाला रडू आवरेना. मुलगा म्हणाला, "बाबा, यात काहीच घडत नाही. चार मुलं चालत जातात आणि परत येतात." आता तुम्ही विचारताय की १९५९ सालच्या अमेरिकेतल्या पोरांशी वर्ध्यात वाढलेल्या माणसाचं नातं काय? हे नुसतं जुन्या दिवसांच्या आठवणीनं हळवं होणं आहे का? आणि तसं असेल तर मुलाला हा चित्रपट दाखवण्यात काही अर्थ होता का?

मी चित्रपट-संकलक आहे. पंचवीसहून जास्त वर्षं संकलनाच्या टेबलावर गेली. शिवाय सुट्ट्यांमध्ये शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी चित्रपट-रसग्रहणाची शिबिरं घेते. हा चित्रपट त्या शिबिरांत मी अनेकदा दाखवला आहे, कधी सलग, कधी एकेका कटवर थांबवत. त्यामुळे तुमच्यासारखं रडू आलेले बाबा आणि 'काहीच घडत नाही' म्हणणारी मुलं, दोन्ही मला चांगलीच परिचयाची आहेत.

आधी आठवणींच्या हळवेपणाबद्दल. तुमच्या रडण्याचं कारण ते आहे असं मला वाटत नाही, आणि याचा पुरावा तुम्हीच आहात. रॉब रायनर यांचा हा चित्रपट १९८६ साली आला. गोष्ट घडते १९५९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, ओरेगॉन राज्यातल्या कॅसल रॉक नावाच्या काल्पनिक गावात. अमेरिकन प्रेक्षकाला त्यातली गाणी, मोटारी, रेडिओ, केस वळवायची तऱ्हा, सगळं ओळखीचं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर त्यातला काही भाग त्या गाण्यांचा असणार. तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. झाडावर बांधलेली खोली नव्हती, तो रेडिओ नव्हता, ती गाणीही बहुधा तुम्ही याच चित्रपटात पहिल्यांदा ऐकलीत. म्हणजे जुन्या काळाची ओढ वजा केल्यावर जे उरतं ते तुमच्यापर्यंत पोचलं. ते काय आहे, हा खरा प्रश्न.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न ही बारा वर्षांची चार मुलं. शेजारच्या गावचा रे ब्राउअर नावाचा मुलगा बेपत्ता आहे. त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळांजवळ पडलंय, हे व्हर्नच्या कानावर येतं. आपण ते शोधून काढलं तर पेपरात नाव येईल म्हणून ही मुलं घरी थापा मारून निघतात आणि रुळांवरून चालत दोन दिवसांचा प्रवास करतात. प्रेत सापडतं. गावातली मोठी टग्या पोरं ते बळकवायला येतात, पिस्तूल निघतं, टग्ये परततात. मुलं प्रेताला हात न लावता, नाव न सांगता पोलिसांना फोन करून घरी येतात. बस्स. चित्रपट ८९ मिनिटांचा आहे आणि मूळ कथा स्टीफन किंग यांची, १९८२ साली 'डिफरंट सीझन्स' या पुस्तकात आलेली 'द बॉडी' ही दीर्घकथा.

तुमच्या मुलाचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. गंमत म्हणजे चित्रपटातच त्याच्या बाजूचा एक मुलगा आहे. रात्री शेकोटीपाशी गॉर्डी एक लांबलचक गोष्ट रचून सांगतो. ती संपल्यावर टेडी विचारतो, "मग पुढे काय झालं?" हा शेवट त्याला पसंत पडत नाही, तो स्वतःच दुसरा सुचवायला लागतो. शिबिरात दरवेळी दोन-तीन मुलं टेडीसारखी असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्या वाटेवर अजून चालतोच आहे, वाट संपल्यावर ती कशी दिसते हे त्यानं अजून पाहिलेलं नाही.

आता मला जे वाटतं ते. आपण याला 'मुलांच्या मैत्रीचा चित्रपट' म्हणतो आणि तिथंच चुकतो. मी त्याला चार घरांचा चित्रपट म्हणते. ती घरं पडद्यावर फार वेळ दिसत नाहीत, काही तर दिसतच नाहीत, पण चारही पोरं पाठीवर आपापलं घर घेऊन चालत असतात. गॉर्डीचा मोठा भाऊ डेनी काही महिन्यांपूर्वी जीपच्या अपघातात गेला. तेव्हापासून घरात गॉर्डी असून नसल्यासारखा आहे, वडील त्याच्याकडे धड बघतही नाहीत. टेडीच्या बापानं त्याचा कान पेटत्या शेगडीवर धरला होता, तरी हा पोरगा बाप युद्धात लढला म्हणून अभिमानानं छाती फुगवतो आणि बापाला कोणी वेडा म्हटलं की पिसाळतो. क्रिसच्या घराण्याचंच नाव वाईट, त्यामुळे गावानं त्यालाही आधीच चोर ठरवून टाकलंय. राहिला व्हर्न. तो घाबरट, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय, आणि त्याचा भाऊ त्याच टग्यांच्या टोळीत.

मोठी माणसं जिथं कमी पडली तिथं ही मुलं एकमेकांची मोठी माणसं होतात. चित्रपटाचा सगळा जीव मला यात दिसतो. चालता चालता क्रिस गॉर्डीला बजावतो की तू आमच्या नादानं राहू नकोस, पुढे कॉलेजला जाता येईल असे विषय घे, तुला लिहिता येतं ते वाया घालवू नकोस. गॉर्डी चिडतो, तू काय माझा बाप आहेस का अशा सुरात बोलतो. त्यावर क्रिस म्हणतो की असतो तर बरं झालं असतं. पोरांवर कोणाचं तरी लक्ष लागतं, नाहीतर त्यांच्या हातचं सगळं निसटतं, आणि तुझ्या घरच्यांना जमत नसेल तर ते काम मीच करायला हवं, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. बोलतोय कोण, तर ज्याच्या स्वतःच्या घरी हे काम करणारं कोणीच नाही असा मुलगा.

मग येते ती रात्र. माझ्या मते हा चित्रपटाचा सगळ्यात मोलाचा तुकडा, म्हणून त्याच्यावर थोडा जास्त वेळ घेते. जंगलात आवाज येतात म्हणून मुलं पाळीपाळीनं पहारा देतायत. गॉर्डीला भावाच्या अंत्यविधीचं स्वप्न पडतं. त्या स्वप्नात वडील त्याला सांगतात की डेनीच्या जागी तू जायला हवा होतास. तो दचकून उठतो तेव्हा पहाऱ्यावर क्रिस बसलेला असतो. दोघं बोलू लागतात आणि क्रिस दुधाच्या पैशांची गोष्ट सांगतो. शाळेत मुलांच्या दुधासाठी जमवलेले पैसे त्यानं चोरले होते, हे खरंच. पण नंतर त्याला वाईट वाटलं आणि ते त्यानं बाईंना परत नेऊन दिले. बाईंनी काय केलं? पैसे स्वतःकडे ठेवले. क्रिसला तीन दिवस शाळेतून काढलं, आणि पुढच्या आठवड्यात बाई नवा स्कर्ट नेसून आल्या. हे सांगताना तो मुलगा फुटतो. चोरीचं त्याला काही नाही. एका शिक्षिकेनं असं करावं, हे त्याला सोसत नाही. मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी निघून जावंसं वाटतं, असं तो म्हणतो.

क्रिसचं काम करणारा रिव्हर फिनिक्स तेव्हा १४ वर्षांचा होता. रायनर यांनी मुलाखतींत सांगितलंय की या प्रसंगाच्या आधी त्यांनी त्याला एवढंच सुचवलं: तुझ्या आयुष्यातल्या एखाद्या मोठ्या माणसानं तुझा विश्वासघात केला असेल, तो प्रसंग मनात आण, मला सांगू नकोस. त्यानंतर जे रडणं कॅमेऱ्यात आलं ते अभिनयाच्या कुठल्याही शिकवणीतून येणारं नाही. संकलक म्हणून मला यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. प्रसंग कुठेही घाईत कापलेला नाही. क्रिस नाक पुसतो, थांबतो, पुन्हा बोलतो, आणि ते सगळं तसंच राहू दिलंय. संकलक रॉबर्ट लेटन यांनी जो धीर धरला तो मी अजून शिकते आहे. नवखा संकलक अशा वेळी घाबरतो आणि ऐकणाऱ्या मित्राच्या चेहऱ्यावर पुन:पुन्हा उडी मारतो. इथं कॅमेरा बोलणाऱ्याजवळ थांबतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या जागी आपण जाऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी याची परतफेड होते. प्रेतापाशी उभा असताना गॉर्डी कोसळतो, वडिलांना मी नकोसा आहे म्हणतो. क्रिस त्याला जवळ घेऊन सांगतो की ते तुझा द्वेष करत नाहीत, त्यांना तू माहीतच नाहीस. म्हणजे रात्री एकानं दुसऱ्याला धरलं आणि दिवसा दुसऱ्यानं पहिल्याला. बारा वर्षांचे दोन मुलगे एकमेकांसमोर रडतात आणि कोणी कोणाला हसत नाही. आपल्याकडे मुलग्यांना किती लहानपणी 'मुलीसारखा रडतोस काय' हे ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चाळिशीतल्या पुरुषांना हा चित्रपट हलवतो त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं. त्या वयात आपल्याला कोणीतरी असं धरलं होतं हे त्यांना आठवतं, किंवा असं धरायला कोणीच नव्हतं हे आठवतं. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं खरं आहे हे मला बाहेरून सांगता येणार नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

माझ्या बाजूनं एक सांगते. आम्ही परळच्या चाळीत वाढलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आमचे अण्णा होते. माझा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता आणि मी आठ. अण्णा हळूहळू बोलेनासे झाले. सकाळी सभेला जायचे, संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. भावाचं वह्या-पुस्तकांकडे लक्ष आहे की नाही हे बघायला घरात कोणाला त्राण नव्हतं, आई चार घरच्या पोळ्या लाटत होती. दुसऱ्या मजल्यावर भावाच्या वर्गातला एक मुलगा राहायचा. त्याचे वडीलही गिरणीतले. तो रोज सातच्या सुमाराला आमच्या दारात उभा राहायचा आणि "चल" एवढंच म्हणायचा. दोघं गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यासाला बसायचे. भाऊ टाळाटाळ करायला लागला तर तो दप्तर स्वतःच उचलून चालू पडायचा. पुढे शाळा सुटली ती त्या मुलाची, तो एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. भाऊ शिकला, बँकेत लागला, ठाण्याला गेला. दोघांचं भांडण कधीच झालं नाही. आता लग्नाकार्यात भेटतात, "काय, बरं आहे ना?" म्हणतात, आणि नंतर जेवणाच्या पंगतीत दोन टोकांना बसतात.

हा चित्रपट भावाला मी दाखवला तेव्हा तो पन्नाशीला आला होता. रेल्वेच्या पुलावर आगगाडी मागे लागते तो थरार त्यानं शांतपणे पाहिला. दुधाच्या पैशांच्या प्रसंगाला उठून खिडकीशी गेला.

भावाच्या आणि त्या मित्राच्या बाबतीत जे झालं ते चित्रपटातही आहे. इथे रायनर यांनी आणि पटकथाकार रेनॉल्ड गिडियन व ब्रूस इव्हान्स यांनी मूळ कथेपासून एक मोठी फारकत घेतली. किंग यांच्या कथेत पुढे टेडी आणि व्हर्न दोघंही अकाली मरतात. चित्रपटात ते जिवंत राहतात. व्हर्न शाळा संपताच लग्न करतो, त्याला चार मुलं होतात, लाकडाच्या वखारीत फोर्कलिफ्ट चालवतो. टेडीला सैन्यात जायचं असतं, डोळ्यांमुळे आणि कानामुळे घेत नाहीत, काही काळ तुरुंगात जातो, मग मिळेल ते काम करतो. पण गॉर्डीसाठी मात्र ते शाळेतच हरवलेले असतात. शाळेच्या व्हरांड्यात दिसणाऱ्या अनेक चेहऱ्यांतले दोन चेहरे, एवढंच त्यांचं उरतं. हा बदल मला मूळ कथेपेक्षाही खरा वाटतो. लहानपणच्या बहुतेक मैत्र्या अशाच जातात, कोणी मरत नाही की कोणी दगा देत नाही. इयत्ता बदलते, तुकडी बदलते, घर बदलतं, आणि एक दिवस लक्षात येतं की गेल्या कित्येक महिन्यांत आपण त्याच्या दारावर थाप मारलेली नाही. हे दुःख कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच आत राहतं. चित्रपट मोजून दोन-चार वाक्यांत ते बाहेर काढतो.

आणखी एक बदल महत्त्वाचा. कथेत टग्यांवर पिस्तूल रोखतो तो क्रिस, चित्रपटात गॉर्डी. ही गॉर्डीची गोष्ट आहे, बापाला आपण नको आहोत असं वाटणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, हे सापडलं तेव्हा आपल्याला चित्रपट सापडला, असं रायनर यांनी म्हटलंय. ते स्वतः प्रसिद्ध विनोदकार कार्ल रायनर यांचे चिरंजीव. वडिलांच्या नजरेला पडण्याची धडपड त्यांना बाहेरून शोधावी लागली नसणार.

आता तुम्हाला रडू आलं त्या पाच मिनिटांकडे येते. गावात परत आल्यावर मुलं एकेक करून पांगतात. शेवटी गॉर्डी आणि क्रिस उरतात. क्रिस विचारतो की मी या गावातून कधी बाहेर पडेन का. गॉर्डी म्हणतो, तू मनात आणशील ते करशील. क्रिस हात हलवून निघतो. तो पाठमोरा चालत असताना मोठ्या गॉर्डीचा, म्हणजे पुढे लेखक होऊन ही सगळी गोष्ट सांगणाऱ्या गॉर्डीचा, आवाज सांगतो की क्रिस खरंच बाहेर पडला, शिकला, वकील झाला, आणि एका खानावळीत दोन माणसांचं भांडण सोडवायला मध्ये पडला तेव्हा त्याच्या गळ्यात सुरा बसला. ते ऐकत असताना वाटेवरचा क्रिस हळूहळू विरतो. वाट राहते, झाडं राहतात, ऊन राहतं, मुलगा नाहीसा होतो.

हे तंत्रानं फार साधं आहे. एकाच चौकटीची दोन चित्रं, एकात मुलगा, एकात रिकामी वाट, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर संथपणे जाणं. आम्ही त्याला डिझॉल्व म्हणतो. मी शिकले तेव्हा डिझॉल्वचा अर्थ 'काही वेळ गेला' असा सांगत. इथे मधे एक अख्खं आयुष्य गेलंय, आणि ते आपल्याला त्या पोराच्या पाठीवर पाहायला लावलंय. वकील झालेला, दाढीमिशा असलेला क्रिस कधीच दाखवलेला नाही. आपल्यासाठी मरतो तो बारा वर्षांचा मुलगा. शिवाय निवेदक सांगतो की मला तो भेटून दहा वर्षांहून जास्त काळ झाला होता, तरी त्याची उणीव मला कायम भासेल. तुमचं रडू या वाक्यापाशी सुरू झालं असेल असा माझा अंदाज आहे. न भेटलेल्या मित्रासाठी रडायचा आपल्याला हक्क आहे का, हे आपण स्वतःला विचारत असतो. इथे एक माणूस तो हक्क सरळ घेतो.

रिव्हर फिनिक्स ३१ ऑक्टोबर १९९३ ला गेला, वयाच्या २३ व्या वर्षी. त्यानंतर हा प्रसंग पाहणाऱ्याला ते विसरता येत नाही, मलाही येत नाही. पण शिबिरातल्या मुलांना मी हे आधी सांगत नाही. १९८६ साली, तो जिवंत असताना, प्रसंग तितकाच भिडत होता. त्याच्या मृत्यूचा आधार त्याला लागत नाही.

चित्रपट टिकण्याची बाकीची कारणं आहेतच, त्यांवर मी फार रेंगाळणार नाही. ही चार मुलं खरोखरची मित्र वाटतात, कारण चित्रीकरणाआधी रायनर यांनी त्यांना सुमारे दोन आठवडे एकत्र ठेवून नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या पुस्तकातले नाट्यखेळ खेळायला लावले. ती खरंच लहान होती. व्हर्न झालेला जेरी ओकॉनेल अकराचा, गॉर्डी झालेला विल व्हीटन बारा-तेराचा. वीस-बावीस वर्षांच्या नटांना अर्ध्या चड्डीत उभं केलेलं नव्हतं. पुलावरच्या प्रसंगात आगगाडी मुलांच्या अगदी पाठीला लागल्यासारखी दिसते ती लांब पल्ल्याच्या भिंगामुळे, त्यात दूरच्या दोन वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात अंतर भरपूर होतं. आणि बेन ई. किंग यांचं 'स्टँड बाय मी' हे १९६१ सालचं गाणं चित्रपटामुळे पंचवीस वर्षांनी पुन्हा अमेरिकेतल्या पहिल्या दहांत आलं. यातलं काहीच दुय्यम नाही, पण नुसत्या एवढ्यावर तुम्ही रडला नसता.

इथे एक कबूल करायला हवं. हा चित्रपट सगळ्यांना असा भिडत नाही, आणि त्यात त्यांची चूक नसते. शिबिरात काही स्त्रियांनी मला सांगितलं की आम्हाला दोन दिवस घराबाहेर असं भटकायला कोणी सोडलंच नाही, त्यामुळे आम्हाला हेवा वाटला, रडू नाही आलं. हे मला अगदी पटतं. भावाच्या टोळीला जिन्यातून खाली जाताना पाहणारी मीही होते. ज्यांचं बालपण मित्रांच्या मारहाणीत आणि चिडवण्यात गेलं त्यांना तर त्यातल्या थट्टामस्करीतही धाक दिसतो. काहींना यापेक्षा जवळचा चित्रपट लागतो. त्यांना मी अविनाश अरुण यांचा 'किल्ला' सुचवते. २०१४ साली बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं आणि २०१५ साली तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नवे मित्र त्याला भर पावसात किल्ल्यात एकटा सोडून निघून जातात. त्या एकटेपणातून बाहेर येऊन तो जरा कुठे रुजतो, तोवर आईची पुन्हा बदली. बदलीच्या नोकरीतल्या घरांतल्या मुलांना तो जसा कळतो तसा ओरेगॉनचा कधीच कळणार नाही. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मध्येही नात्यातल्या दोन मुलांची मैत्री आहे आणि त्यातला एक जातो. पण तो मी तेरा वर्षांच्या मुलाला एकट्यानं बघायला देणार नाही, त्यानंतर बोलायला कोणीतरी बरोबर लागतं.

आता मुलाचा प्रश्न. अर्थ होता का, तर हो, होता. फक्त त्या अर्थाची पावती तुम्हाला लगेच मिळणार नाही. शिबिरात चित्रपटानंतर मी मुलांना आठवणीत राहिलेला प्रसंग लिहायला सांगते. बहुतेक जण जळवांचा प्रसंग लिहितात, मग पूल, मग शेकोटीपाशीची ती ओकाऱ्यांची गोष्ट. एकदा एका मुलानं हरीण लिहिलं. प्रसंग इवलासा आहे. पहाटे बाकीचे झोपलेले असताना गॉर्डी रुळावर एकटा बसलेला असतो, एक हरीण येतं, त्याच्याकडे बघतं, निघून जातं. निवेदक म्हणतो की हे मित्रांना सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण सांगितलं नाही, आजवर कोणालाच सांगितलं नाही. त्या मुलानं खाली एकच ओळ लिहिली होती: 'माझ्याकडे पण असं एक आहे.' ते काय, हे मी विचारलं नाही. इतक्या जवळच्या मित्रांनाही न सांगता ठेवलेलं काहीतरी असू शकतं, हे त्या मुलाला चित्रपटानं कळवलं होतं, तेवढं मला पुरेसं होतं.

तेव्हा मुलाला 'कळलं का' विचारू नका आणि 'माझ्या वयाचा झालास की समजेल' असंही सांगू नका. दोन-तीन वर्षं जाऊ द्या. नववी-दहावीत मुलांच्या जुन्या टोळ्या फुटायला लागतात, तेव्हा हा चित्रपट घरात सहज सापडेल असा असू द्या, आणि पाहायचा असेल तर त्याला एकट्याला पाहू द्या. शिव्या आहेत, सिगारेटी आहेत, पिस्तूल आहे. अमेरिकेत या भाषेमुळे तो मोठ्यांसाठीच्या गटात टाकला गेला होता. पण तेरा वर्षांच्या मुलानं त्या शिव्या शाळेत ऐकलेल्या असतात. मराठी घरात मला यापेक्षा अडचण येते ती सबटायटल्सची. पोरं एकावर एक बोलतात आणि वाचता वाचता चेहरे बघायचे राहतात. तुमच्या मुलाचं 'काहीच घडत नाही' यात थोडा हाही भाग असू शकतो.

शेवटचं. बहुतेकांना चित्रपटाचा शेवट म्हणून संगणकाच्या पडद्यावरचं वाक्य आठवतं, बाराव्या वर्षी होते तसे मित्र मला नंतर कधीच मिळाले नाहीत, ते. पण चित्रपट तिथे संपत नाही. मोठ्या गॉर्डीचा मुलगा आणि त्याचा मित्र पोहायला जायचं म्हणून तासभर खोळंबलेले असतात. तो मुलगा मित्राला सांगतो की बाबा लिहायला बसले की असेच होतात. गॉर्डी हसतो, संगणक बंद करतो आणि बाहेर मुलांकडे जातो. त्यानंतरच गाणं सुरू होतं.

तुमच्या प्रश्नात तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलंय, बहुधा सहज: तुम्हाला रडू आलं तेव्हा मुलानं रिमोट घेऊन आवाज कमी केला आणि काही न बोलता शेजारी बसून राहिला. मी तो प्रश्न दुसऱ्यांदा वाचला तो या वाक्यासाठी. आता सुट्टी लागेल. त्याचे मित्र त्याला बोलवायला दारात येतील. दार तुम्हीच उघडा.